रात्री कुणाच्या घरी?

यंदा माझ्याबरोबर आक्का चालायला येणार म्हणाली, तेव्हा मला आनंद झाला आणि पाठोपाठ तिच्या सासरचे सोडतील का, ही काळजीही लागली. सह्याद्रीच्या माथ्यावरून दक्षिणेकडे जाणारी एक लांबलचक वाट मी दरवर्षी एक आठवडा, तुकड्यातुकड्यानं चालते. आजवर बेळगावातल्या ऑफिसच्या मैत्रिणी सोबत असायच्या. यंदा कुणाच्या घरी लग्न, कुणाची बदली, सगळ्या गळाल्या. आणि लग्न होऊन निपाणीजवळच्या मळ्यात गेल्यापासून कुठंही एकटी न गेलेली माझी थोरली बहीण फोनवर म्हणाली, "मी येतो गं."

भावोजींनी "आप्पांना विचारा" म्हणून हात झटकले. आप्पा म्हणजे आक्काचे सासरे. माणूस प्रेमळ, माझ्यावर तर फारच जीव. मी मळ्यातल्या घरी जाऊन सोप्यात नकाशा पसरला, चढ-उतार दाखवले. त्यांचं लक्ष वाटेकडे नव्हतंच. एकेका मुक्कामावर बोट ठेवून ते विचारत होते, "रातीला हितं कुणाच्या घरी?"

"तंबूत, आप्पा."

"तंबू कुणाचा?"

"माझा."

"तसं न्हाय. घर कुणाचं?"

आमच्याकडे माणूस परगावी निघालं की हे ठरल्याशिवाय पिशवी भरत नाहीत. सगळ्या रात्रींना घर सापडलं तर आक्का येणार, नाहीतर नाही, एवढं मला कळलं.

मग मी पाव्हणे हुडकायला लागले. यंदाची वाट जांबोटीच्या जंगलातून होती, तिथं आम्हा जैनांचं कोण असणार? पण नेटानं खणलं की नातं लागतंच. आक्काच्या जावेचा भाऊ तिकडे शाळेत मास्तर निघाला. आप्पांच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरची सासुरवाडी त्याच डोंगरात निघाली. खडेबाजारात बूट घ्यायला गेले तर दुकानदाराची मावशी जांबोटीची. बूट पायात चढवता चढवता मी तिला माझीही मावशी करून टाकली. सगळ्यांना फोन करून सांगितलं, आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. "मग खातासा तरी काय?" मावशीनं काळजीनं विचारलं.

माथ्यावरून सरळ जाणारी वाट आता एकेका पाव्हण्यासाठी डोंगर उतरत होती आणि सकाळी पुन्हा चढत होती. ही चाल आहे की लग्नपत्रिका वाटायचा दौरा, म्हणून मी चिडले. आक्का मात्र पोट धरून हसली.

तरी एक रात्र उरलीच. दोन गावांच्या मध्ये नुसतं रान, आणि जंगलखात्याच्या परवानगीनं तंबू ठोकायची एक मोकळी जागा. तिथं नातेवाईक कुठून आणू? मी हात टेकले. दाखवायला नेलेला तंबू आक्काकडेच ठेवला आणि म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तिनं तंबू उचलून आत नेऊन ठेवला. मला फार वाईट वाटलं.

रविवारी मळ्यात गेले तर खळ्यात तंबू उभा. दोऱ्या कशाही ताणलेल्या, एक बाजू लवंडलेली, आणि आत आक्का मांडी घालून बसलेली. बाहेर आप्पा हात मागं बांधून उभे.

"ऱ्हायलेल्या रातीचं काय ठरलं?" त्यांनी मला विचारलं. "कुणाच्या घरी?"

"आमच्या," आतून आक्का म्हणाली. "लगीन व्हायच्या आधी बाबांच्या घरात ऱ्हायलो, मग तुमच्या. दोन्हीकडं लई सुखात ऱ्हायलो, आप्पा. एक रात आमच्या घरात ऱ्हातो."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. माझेच डोळे भरून आले.

आप्पांनी पायातल्या चपला काढल्या, तंबूच्या तोंडाशी जोडीनं ठेवल्या आणि वाकून सुनेला विचारलं, "आत येऊ काय?"