बापूंनी पाहिलेली दोन राज्ये

सिंगापूरमधल्या आंग मो किओ भागात, आमच्या ब्लॉकखालच्या बसस्टॉपवर बापू शिंदे रोज सकाळी तासभर बसायचे. जायचे कुठेच नसायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण बस वळणावर आली की नुसत्या आवाजावरून तिचा नंबर सांगायचे. वर, "आज चार मिनिटं लेट हाय, कुलकर्णीसाहेब," अशी तक्रार माझ्याकडे नोंदवायचे, जणू इथल्या बसगाड्या माझ्याच हाताखाली होत्या. सुरुवातीला मला वाटले, म्हातारा ठोकून देतोय. आठवडाभर घड्याळ लावून पडताळले; ते एकदाही चुकले नाहीत.

बापूंची सगळी नोकरी कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली होती. बायको गेल्यावर ते मुलाकडे, विलासकडे राहायला आले. विलास माझ्याच कंपनीत चिप बनवायच्या विभागात होता. त्याची बायको सुनीता सेरंगूनच्या एका बालवाडीत शिकवायची. बापूंना इंग्रजी येत नव्हते, चिनी तर दूरच. तरी हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाली खाण्याच्या टपऱ्या होत्या तिथला, चहावाला त्यांना पाहताच कमी साखरेचा चहा करायला घ्यायचा. "गावची तब्येत स्टँडवर कळती," हे त्यांचे लाडके वाक्य. ती देवळात पारखायला काय हरकत आहे, असे मी एकदा चिडवण्यासाठी विचारले. "देवळात समदेच चांगलं वागत्यात," बापू म्हणाले. "गाडी चुकल्यावर माणूस कसा वागतो ते बघावं."

दोन हजार सहाच्या सुमारास आमच्या कंपनीने विलासचा विभाग अमेरिकेला हलवायचे ठरवले. तिथे एका मोठ्या नदीच्या दोन काठांवर कंपनीचे दोन कारखाने. अलीकडचा काठ वॉशिंग्टन राज्यात, पलीकडचा ऑरेगन राज्यात. विलासने कुठेही यावे, पगार तोच. आता इंजिनिअरला दोन पर्याय दिले की तो तक्ता करणारच. कँटीनमध्ये बसून आम्ही दोघांनी तो केला. वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा कर नाही. ऑरेगनमध्ये खरेदीवर कर नाही, शिवाय पेट्रोलही स्वतः भरायचे नाही, पंपावरचा माणूस भरून देतो. घरे, शाळा, पाऊस, सगळ्याचे रकाने झाले. शेवटी वॉशिंग्टन चांगल्या फरकाने पुढे आले. मी विलासला सांगून टाकले, घर वॉशिंग्टनलाच घे, वेड्यासारखे करू नकोस.

बापूंना त्याने तो तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. बापू म्हणाले, "ह्यात स्टँड कुठं हाय?"

कंपनी जागा बघायला नवरा-बायकोला तिकीट देत होती. बापूंची पारख आपल्याला चालेल म्हणत सुनीताने आपल्याऐवजी त्यांना पाठवायचे ठरवले. आंधळा माणूस जागा बघायला चालला, म्हणून ऑफिसात थट्टा झाली. त्या थट्टेत मीही होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

तिथे काय झाले ते विलासनेच मला सांगितले. घरांचा एजंट त्यांना गाडीतून फिरवत होता. वॉशिंग्टनच्या बाजूचे घर ऐसपैस होते, मागे बाग, पुढे दोन गाड्यांची जागा. बापू घरात गेलेच नाहीत. मला बसस्टॉपवर सोड, म्हणाले. त्या नव्या वसाहतीत बसस्टॉप म्हणजे गवतात रोवलेला एक खांब. तिथवर जायला फूटपाथही नव्हता. बापू तासभर उभे राहिले. बस आली नाही आणि शेजारून कोणी चालतही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते पूल ओलांडून ऑरेगनला गेले. इथले घर जुने, खोल्या लहान. बापूंना पुन्हा स्टॉपवर बसवून विलास घर बघायला गेला. अर्ध्या तासाने परत आला तर बाक रिकामा.

विलास सांगत होता, "त्यांच्या खिशात माझ्या नावाची आणि हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी, थोडी मोड, एवढंच. पोलिसांना फोन करायचा तर सांगायचं काय?" त्याने आजूबाजूचे रस्ते पालथे घातले. एजंट बिचारा गाडी घेऊन हाका मारत फिरला. तास उलटून गेल्यावर एक बस स्टॉपला लागली, म्हाताऱ्या माणसाला उतरणे सोपे जावे म्हणून तिची एक बाजू खाली झुकली आणि ड्रायव्हरबाईचा हात धरून बापू उतरले. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन त्याच बसने परत आले होते. विलास जन्मात पहिल्यांदा वडिलांवर ओरडला. बापूंनी ओरडू दिले. मग त्यांनी निकाल दिला: "अलीकडं घर चांगलं हाय, पलीकडं गाव चांगलं हाय. गावात ऱ्हा."

विलासने वडिलांचे ऐकले. तक्ता हरला म्हणून मला थोडे लागले, पण मनात म्हटले, ठीक आहे, बापूंची सोय झाली. आणि नेमके तेव्हाच कळले की बापू अमेरिकेला राहायला जाणारच नाहीत. ते कराडला धाकट्या मुलाकडे परतणार होते आणि हे त्यांनी त्या प्रवासाआधीच ठरवले होते.

चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा राहवले नाही. विलास आणि सुनीता सामान देत होते. मी म्हटले, "बापू, जायचंच नव्हतं तर त्या बसपायी पोराचा जीव का टांगणीला लावलात?"

बापूंनी माझा हात चाचपून धरला. "साहेब, सुनीताला गाडी चालवायची भीती वाटती. दोनदा शिकाय गेली, दोनदा रडत आली. तुमच्या तक्त्यात हे हुतं का? विलास कामावर गेला की त्या मोठ्या घरात ती कोंडून पडली असती."

तिच्या नवऱ्याला सुचले नाही, मला सुचले नाही, आणि आम्ही तर रकान्यांवर रकाने भरले होते. दोन वर्षांनी बापू कराडलाच वारले. मोठ्या लोकांबरोबर काम केल्याच्या गोष्टी लोक छाती फुगवून सांगतात. मी एका कंट्रोलरच्या शेजारी रोज बसस्टॉपवर उभा राहिलो, हे मी तितक्याच अभिमानाने सांगतो.

चांगीवर त्या दिवशी आत जाण्याआधी बापू म्हणाले, "मला दिसत न्हाई, इंग्रजी येत न्हाई. तरी मी त्या बसनं एकटा जाऊन माघारी आलो. आता माझ्या सुनेला तिथं कोण अडवतंय?"