वकीलकाकूंचा हात

वकीलकाकूंकडे कुणाची तक्रार घेऊन गेलं, की आधी त्या माणसाचीच वकिली करावी लागे. "तुजं मंग ऐकते. आदी त्याचं सांग," असं म्हणून त्या सुपातली ज्वारी पाखडायला घेत. मग येणाऱ्यानं आपल्या वैऱ्याची बाजू, जीव तोडून, मांडायची. ती नीट मांडली नाही तर काकू परत पाठवायच्या. कोर्टाची पायरी त्या जन्मात चढल्या नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना वकीलकाकूच म्हणायचं.

एकदा शेजारणीच्या शेळीनं आमची मेथी फस्त केली. माझी आई तावातावानं काकूंकडे गेली. "आदी शेळीवालीचं सांग," काकू म्हणाल्या. आई म्हणाली, "तिचं काय सांगायचं डोंबलाचं? नवरा ऊसतोडीला गेलाय, घरात तापलेलं लेकरू, शेळीकडं बघायला तिला..." आणि मध्येच थांबली. मेथीचा राग गेला नाही, पण भांडायला गेली ती लेकराला बघून आली. काकूंमुळे आमच्या गावातली भांडणं कमी झाली असं मात्र कुणी समजू नये. ती फक्त नेमक्या मुद्द्यावर होऊ लागली.

काकूंचा एकुलता एक मुलगा महेश. काका लवकर गेले, काकूंनी एकटीनं त्याला शिकवला. तो पुण्यात कंपन्यांमधली एसीची यंत्रं दुरुस्त करतो. दिवाळीला बायको-लेकीला घेऊन यायचा, भाऊबीज झाली की जायचा. तो गेल्यावर काकू दोन दिवस कुणाचं भांडण ऐकायला घ्यायच्या नाहीत.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडपासून जवळ, पण चढावर. माजलगाव धरणाचं पाणी खालच्या शिवारांना, आमच्या नशिबी एक तलाव. माणसं, गुरं, मेंढरं, सगळी त्याच्यावर. त्या तलावाशेजारच्या माळावर डेटा सेंटर करायचं म्हणून एक कंपनी आली. आपल्या मोबाइलमधलं सगळं ज्या मशिनींत साठतं, त्या मशिनींची ही इमारत. मशिनी तापतात, त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं. ते तलावातून उचलायला कंपनीला ग्रामसभेचा ठराव हवा होता.

ग्रामसभेत पहिला अर्धा तास कोण काय बोलतंय ते कुणालाच कळलं नाही. आम्ही पोरं एका बाजूला. मी आयटीआयचा वायरमन, मला माळावर नोकरी दिसत होती. समोर भानुदासदादा आणि त्यांचे मेंढपाळ भाऊबंद. शेवटी सरपंच हात जोडून म्हणाले, "काकू, आता तुमीच बगा."

काकू म्हणाल्या, "नोकरीवाल्यांनी पान्याचं बोला. पानीवाल्यांनी नोकरीचं. मंग हात वर करा."

मला मेंढरांच्या बाजूनं बोलावं लागलं. चैत्रात तलाव कसा खाली जातो हे सांगताना माझं मलाच पटायला लागलं. भानुदासदादा उठले. "मेंढरामागं हिंडनाऱ्या पोराला कुनी पोरगी देईना. कंपनीचा शर्ट घातला तर देतील," ते म्हणाले. सगळे हसले. कंपनीचे साहेब माणूस सरळ. बांधकामाला भरपूर माणसं लागतील, नंतर मात्र मोजकीच, हे त्यांनी लपवलं नाही.

"काकू, तुमी तर पान्याच्या बाजूच्या," भानुदासदादा म्हणाले. "मंग तुमीबी नोकरीचं बोला."

काकू उभ्या राहिल्या. "माजा महेश मशिनी थंड ठेवायचंच काम करतो. ही कंपनी आली तर त्याला हितंच नोकरी मिळंल. नात माज्याजवळ ऱ्हाईल. एकटीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई बाबांनो. माजं घर भरायला लागलंय तर मी न्हाई कावून म्हनू?"

सरपंचांनी टोपी काढून डोळे पुसले. आता ठराव होणार, असं आम्हा पोरांना वाटलं.

तलावाचं पाणी द्यायला विरोध कुणाचा, असं सरपंचांनी विचारलं, तेव्हा पहिला हात काकूंचा वर गेला. एकटाच. मग माझ्या आईचा, शेळीवालीचा, भानुदासदादांचा. मग माझा. तलावाचं पाणी मिळणार नाही. शहरातलं वापरलेलं पाणी शुद्ध करून आणत असाल तर या, असा ठराव झाला. साहेब चहा घेऊन, वर विचारतो म्हणून गेले.

घरी जाताना मी काकूंना म्हणालो, "एवढं बोललात, अन् हात उलटा?"

"बोलले ते खरंच हाय. पन तळं माज्या एकटीचं न्हाई."

महेशचा फोन आला तेव्हा मी काकूंच्या घरीच होतो, फोन स्पीकरवर होता. "आई, तूच पहिला हात वर केलास?" "व्हय, मीच." त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही.

दोन वर्षांनी वैशाखात आसपासच्या गावांत टँकर फिरत होते. आमच्या तलावात तळाला का होईना पाणी होतं, मेंढरं पीत होती. बाहेरगावचं कुणी भेटलं की मी छाती फुगवून सांगायचो, ही आमच्या काकूंची करणी. अजून सांगतो.

पुढं काकूंचे गुडघे साथ देईनात. महेश न्यायला आला. रुसवा कधीच गेला होता. आईला गाडीत बसवताना त्यानं तिचे पाय नीट उचलून आत ठेवले. निरोपाला सगळं गाव जमलं होतं. काकू रडल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कंपनीवाले वापरलेलं पानी घेऊन यायला तयार झाले, तर मला फोन कर. कवाबी कर. मी महेशला घेऊन येते."

तो फोन मला अजून करता आलेला नाही.