डावी खुर्ची

आमची आत्या कत्तलखान्यात सुऱ्यांना धार लावायची. कापणारे, सोलणारे, लटकवणारे सगळे पुरुष. धारेच्या खोलीत मात्र ती एकटी. रोज एकशे दहा सुऱ्या. सकाळी खिडकीतून बिल्ला घ्यायची आणि सुरी द्यायची, पाळी संपली की सुरी घ्यायची आणि बिल्ला द्यायची. कामगार तिला धारमावशी म्हणायचे. पातं उजव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून ती धार बघायची. त्या नखावर कायम बारीक चरे असायचे.

तिचे यजमान, आमचे आतोबा, तिथेच सोलायच्या कामाला होते. एप्रन अडकवायच्या खुंटीवरून त्यांचं एकाशी वाजलं आणि त्याने आतोबांच्या पोटात सुरी घातली. एका खुंटीपायी. त्याबद्दल आत्या इतकंच बोलायची, "आदल्या दिवशी मीच धार लावली होती तिला. चांगली लागली होती."

महिन्याभराने ती कामावर परतली आणि खिडकीतून तिने नवा नियम सांगितला. ज्यांचं भांडण चालू आहे त्यांना सुरी मिळणार नाही. आधी आत यायचं आणि खेळायचं. हरेल त्याने तोंड मिटायचं. जिंकेल त्याने हसायचं नाही.

खेळायचा गेम मी आणून दिला होता. दोघांनी खेळायचा मारामारीचा गेम, त्यात लोखंडी बाई, अस्वल असे लढवय्ये. तो दोन प्रकारे मिळायचा. एक कुलूपवाला: दुकानाच्या खात्यात राहणारा, इंटरनेट असेल तरच उघडणारा. दुसरा बिनकुलपाचा: एकदा घेतला की फाइल आपली, कुठल्याही कॉम्प्युटरवर टाका. धारेची खोली दोन शीतगृहांच्या मधे होती. भिंती हातभर जाड, फोन आत नेला की मुका. म्हणून मी बिनकुलपाचा घेतला आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून दिला.

सुरुवातीला लोक हसले. पण रक्ताने माखलेले बूट घातलेली दोन माणसं शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसून दातओठ खात बटणं दाबू लागली, की बघायला खिडकीपाशी गर्दी व्हायची.

"अस्वल कशाला घेतोस? आरशात बघ की."

"तू लोखंडी बाई घे. घरी सराव असेल तुला मार खायचा."

पडद्यावर बरगड्या मोडायच्या, दात उडायचे. मग दोघं उठायचे, सुऱ्या घेऊन आपापल्या जागी जायचे. सात वर्षांत त्या इमारतीत भांडणातून माणसाचं रक्त सांडलं नाही. कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, तेवढं आत्या सांगायची.

एम.ए. करताना दोन वर्षं मी तिथे सकाळच्या पाळीत वजनकाट्यावर होते. त्याच काळात कंपनीने गेमचं नवं अपडेट काढलं. दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ होती: डाव्या बाजूच्या खेळाडूची लाथ समोरच्याच्या ढालीतून आरपार जात होती, ते आता बंद केलं आहे. पण अपडेट आलं ते फक्त कुलूपवाल्यांना. मी कंपनीला तीन मेल लिहिले. तिन्हींना एकच उत्तर: बिनकुलपाच्या प्रतीचं अपडेट लवकरच. अकरा महिने गेले. पैसे दोघांनी सारखेच मोजले होते. आम्ही मात्र सावत्र.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पात्यावरून नजर न उचलता म्हणाली, "येईल तेव्हा येईल. घाई काय आहे?"

त्याच्या आदल्या वर्षी लंबूचं भांडण तिच्यापुढे आलं होतं. लंबू म्हणजे सोलणाऱ्यांतला सगळ्यात उंच. त्याचा धाकटा भाऊही तिथेच होता. वरच्या रुळावरून अर्धं जनावर सुटून त्याच्या खांद्यावर पडलं आणि हात कायमचा लुळा झाला. लंबू म्हणाला, जनावरं लटकवणाऱ्या हुकवाल्याने कडी लावली नव्हती. हुकवाला म्हणाला, भाऊ पिऊन आला होता, नको तिथे उभा राहिला. आत्याने हुकवाल्याला डावीकडे बसवलं. लंबू हरला. नियम म्हणजे नियम. त्याने ऑफिसात तक्रार केली नाही. ऑफिसने भावाला बेशिस्तीचा शिक्का मारून घरी बसवलं.

मग एका सोमवारी तीच कडी पुन्हा आपोआप उघडली. खाली कुणी नव्हतं. पण सगळ्यांनी पाहिलं: कडी झिजली होती, कधीची. आत्यानेही पाहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

शुक्रवारी सकाळी लंबूने बिल्ला देऊन सुरी घेतली आणि रांगेतून बाजूला होऊन दार ढकलून आत आला. मी वजनाच्या चिठ्ठ्या घ्यायला तिथेच आले होते.

"मावशी, माझ्या पोरीकडे हाच गेम आहे," तो म्हणाला. "काल तिच्याशी खेळलो. मी डावीकडे. तिने ढाल धरली की माझी लाथ अडायची. इथे तर कधीच अडत नाही."

आत्याने हातातलं पातं मेजावर ठेवलं.

"पोरीने यादी वाचून दाखवली मला. तुमचा गेम जुना आहे. डावीकडचाच जिंकतो."

कंपनीने अपडेट दिलं नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते खरं होतं आणि तेवढ्याने ती सुटली असती. आत्याने मला डोळ्यांनीच थांबवलं.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," ती म्हणाली. "ज्याचं खरं वाटायचं त्याला मी डावीकडे बसवायचे. तुझं मला खोटं वाटलं. चुकले मी."

लंबूने सुरी उगारली. तिने उजवा हात मधे घातला. पातं तळव्यातून शिरून मागे निघालं आणि लाकडी मेजात रुतलं. आवाज फक्त लाकडाचा आला. दारातून हुकवाला धावत आला. त्याने हातातल्या लोखंडी हुकाची मूठ लंबूच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. लंबूने त्याला गळ्याला धरून धारेच्या चाकावर ढकललं. चाक चालू होतं. हुकवाल्याच्या कानाची पाळी गेली. मागून आणखी चौघे घुसले, कोण कुणाच्या बाजूने ते कळेना. एकाने दुसऱ्याचं डोकं भिंतीवर दोनदा आपटलं. कुणाचा तरी दात माझ्या चिठ्ठ्यांवर पडला.

आत्याने डाव्या हाताने मेजातली सुरी उपटली, हातातून ओढून काढली आणि चाक बंद केलं.

"सुऱ्या खिडकीत ठेवा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळ्यांनी."

पाती एकेक करून खिडकीच्या कट्ट्यावर वाजली. आत्याने हाताला एप्रन गुंडाळलं आणि ती उजव्या खुर्चीवर बसली.

"बस," ती लंबूला म्हणाली. "डावीकडे."

नाकातून रक्त गळत असताना तो बसला. तिने लोखंडी बाई घेतली, एका हाताने ढाल धरली. लाथ आरपार. पुन्हा आरपार. बाई पडली. लंबू उठला, तेव्हा त्याचे खांदे हलत होते.

"पुढचा," आत्या म्हणाली. "सात वर्षांत जे जे उजवीकडे बसून हरले, त्यांनी या."

आधी कुणी हललं नाही. मग एक आला. मग रांग लागली. त्या सकाळी आत्या एकोणीस वेळा मेली. प्रत्येक वेळी एप्रनमधून थोडं जास्त रक्त खाली यायचं. विसाव्याने मात्र कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, "राहू दे, मावशी. दवाखान्यात चल."

डॉक्टरांना तिने सांगितलं, धार लावताना हात घसरला. ऑफिसात मात्र स्वतःच्या सहीने लिहून दिलं की कडी झिजलेली होती. लंबूच्या भावाच्या नावावरचा शिक्का पुसला गेला, त्याला फाटकावर काम मिळालं. तिची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत.

गेम बंद झाला नाही. नियम तेवढा बदलला: एकदा खेळायचं, खुर्च्या बदलायच्या, परत खेळायचं. एकदा हा जिंकायचा, एकदा तो. बरोबरी. मग दोघं वैतागून बोलायला बसायचे, कारण निकाल लागल्याशिवाय सुरी नाही.

अपडेट आलं चौदाव्या महिन्यात. मी ते पेनड्राइव्हवर घेऊन गेले. आत्याने तो उलटसुलट करून बघितला आणि धारेच्या दगडांच्या खणात टाकला.

"आत्ता नको. आत्ता कुठे सगळे सारखे हरायला लागलेत."

मग डावा हात माझ्यापुढे केला. "नखं काप जरा. उजव्या हातात कात्री धरवत नाही."

मी चार बोटांची नखं कापली. पाचव्याला कात्री लावणार तोच तिने हात मागे घेतला.

"अंगठ्याचं राहू दे," ती म्हणाली. "ते लागतं."

त्या नखावर दोन-चार चरे उमटू लागले होते.