घमेल्यातली मंडळी

देवरूखला आमच्या शेजारी राहणाऱ्या प्राणिशास्त्राच्या बाई माणसांना अरे-तुरे करत आणि गांडुळांना अहो-जाहो. सेंद्रिय खताची टूम तेव्हा नवी होती. खताच्या मातीची शंका आली, की बाई घमेल्यात अर्धी ती, अर्धी परसातली माती भरून मध्ये गांडुळं सोडत. माती वाईट असली की गांडुळं पलीकडे सरकत.

मासळीच्या कचऱ्यापासून बाईंनी केलेल्या खताचा गाजावाजा झाला, तेव्हा त्यांचा जुना विद्यार्थी सभापती म्हणून शाल-श्रीफळ घेऊन आला. त्याचं भाषण संपल्यावर बाईंनी आपल्याच खताचं घमेलं सगळ्यांसमोर उकरलं. खताच्या बाजूला एकही गांडूळ नव्हतं.

"शाल परत ने मेल्या. मंडळी उठून गेलीत. हे खत मी कुणाला देणार नाही."

"आणि नारळ, बाई?"

"तो राहू दे. त्याच्यात काही खोट नाही."

आता सत्कार पुष्कळ होतात. घमेलं कुठेच दिसत नाही.