माझी छाती दुखली नव्हती

"तुम्हाला अटॅक येऊन गेलाय. तोही आजचा नाही," बेळगावच्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं नाव मायोकार्डियल इन्फार्क्शन. म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पोचलं नाही आणि तेवढा भाग मेला.

"पण माझी छाती दुखलीच नाही," मी म्हटलं.

"बायकांचं पुष्कळदा असंच होतं. जबडा, पाठ, मळमळ, दम."

मी निपाणीत शाळेत गणित शिकवते. आदल्या आठवड्यात फळ्यावर लिहितानाच जबड्यापासून खांद्यापर्यंत कळ आली, घाम फुटला. संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना मी अण्णा म्हणते.

"पाळी जायच्या वयात असं होतंय, बाई. टेन्शन घेऊ नका," म्हणत त्यांनी पित्ताची गोळी दिली. पुन्हा गेले तेव्हा झोपेची दिली. शेवटी जिन्यातच दम लागून मी बसले, तेव्हा भावानं गाडीत घालून बेळगावला आणलं.

अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्यानं उघडून आत जाळीची नळी बसवली. मेलेला भाग मात्र परत येत नाही.

कॉटवर पडल्या पडल्या मला एकच आठवत राहिलं. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या छातीत जळजळलं, तेव्हा याच अण्णांनी त्यांना लगेच झोपवून ईसीजी काढला होता, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. यांना मिसळ बाधली होती, एवढंच निघालं.

घरी आल्यावर मी दवाखान्यात गेले. "अण्णा, यांचा ईसीजी काढलात. माझा का नाही?"

त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? बाईमाणसाला अटॅक असंल, हे डोक्यातच आलं न्हाय. आम्ही शिकलो ती लक्षणं पुरुषांचीच."

मी घरी येऊन रडले. ज्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, त्यांच्या डोक्यात मी नव्हतेच. आणि त्यांनी वाचलेल्या पुस्तकांतही नव्हते.

पुढं बेळगावात महिला आरोग्याची सरकारी बैठक होती. मी गेले. आरोग्य खात्याच्या साहेबांनी योजना वाचल्या: गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण. मी उठून विचारलं, "बायकांच्या हृदयावर अभ्यास करायला पैसा कुठं आहे?"

"संशोधन वरच्या पातळीवर होतं, मॅडम. आमच्याकडं त्याला हेड न्हाय, म्हंजे खर्चाचं खातंच न्हाय."

"पोटात मूल होतं तेव्हा मी तुमच्या योजनेत होते. आता कुठल्या योजनेत आहे?"

कोणीतरी हसलं. मग चहा आला.

बायांनो, जबडा दुखून घाम फुटला, तर कोणी पित्त म्हणो की वय, तुम्ही ईसीजी मागा. हट्टानं मागा.

त्या दिवशी बैठकीतून बाहेर पडताना उचगावच्या एका आक्कांनी माझा हात धरला. "माझ्या सुनंचं असंच झालं गं. पाठ लई दुखतीया म्हणत होती. आम्ही शेकत बसलो. घरातच गेली."

मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. म्हटलं, "हे आत सांगायला हवं होतं, आक्का."

"मला कुठं बोलाय येतंय?"

"आता मला सांगितलंत, तसंच."

पुढच्या बैठकीला आम्ही दोघी जाणार आहोत. बैठक वरच्या मजल्यावर आहे. मला एका दमात चढवत नाही, आक्कांचे गुडघे धरलेत. थांबत थांबत चढू, पण चढू.