मुकादमभाईंची सिगारेट सुटली तेव्हा

आमच्या ऑफिसच्या गॅलरीत रंगाचा एक रिकामा डबा होता. त्यात सिगारेटची थोटकं साठायची आणि भोवती किस्से. डबा दर शनिवारी रिकामा व्हायचा, किस्से तसेच राहिले. बहुतेक मुकादमभाईंचे. हसत सांगायला घेतो आणि शेवटी डोकं तापतं!

*

नवीन पनवेलमध्ये आम्ही बिल्डरांना नकाशे काढून द्यायचो. मुकादमभाई सगळ्यांत सीनियर. नकाशा झाला की प्रिंट काढण्याआधी गॅलरीत एक सिगारेट, हा त्यांचा नियम. ओढताना चुका आठवतात म्हणे! एकदा खरंच अर्धी सिगारेट टाकून पळत आत आले.

"थांबा! चार मजले चढवलेत, जिना कुठंय?"

*

सोडायचे प्रयत्न खूप झाले. लवंग, बडीशेप, मग च्युइंगम. शेवटी च्युइंगम चघळत सिगारेट ओढायला लागले.

"दोन्ही कंपन्यांना वाटतं, मी त्यांचाच!"

*

मग त्यांच्या लेकीला, शाहीनला, मुलगा झाला. बाळाची छाती सारखी घरघरायची. शाहीनने स्पष्ट सांगितलं, "अब्बा, सिगारेट सुटेपर्यंत बाळाला घ्यायचं नाही."

मस्कतला असलेल्या जावयाने ई-सिगारेट पाठवली. पहिल्याच दिवशी मुकादमभाईंनी सवयीने काडी ओढून ती पेटवली! टोक वितळलं. वर जावयालाच फोन, "डुप्लिकेट माल भेजा क्या?"

बिचाऱ्याने दुसरी पाठवली.

*

आणि जमलं की! त्यातही निकोटीन होतं, ते काही टॉनिक नव्हतं, मला कळतं. पण महिनाभरात खरी सिगारेट सुटली. शाहीनकडे गेले की यंत्र बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवायचे, हात धुवायचे आणि नातवाला घ्यायचे. पहिल्यांदा घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून आले आणि दुधाचा डाग ऑफिसभर दाखवत फिरले.

*

आमच्या पाटणकर सरांना मात्र ते यंत्र खुपायचं. केबिनमध्ये स्वतः सिगारेट ओढत म्हणाले, "मुकादम, बंद करा ते. त्याचे परिणाम अजून कुणाला माहीत नाहीत!"

"तुमच्या हातातलीचे माहीत आहेत ना, सर?"

सरांनी उठून खिडकी उघडली.

*

मग सरकारची बंदी आली. ई-सिगारेटवर! सिगारेटवर नाही! मुकादमभाईंनी पानवाल्याला यंत्रात भरायचं लिक्विड विचारलं तर तो इकडेतिकडे बघत पुटपुटला, "भाई, अंदर करवाओगे क्या? ये लो ना." आणि त्यांच्या जुन्या ब्रँडचं पाकीट पुढे सरकवलं. त्यावर सडलेल्या फुप्फुसाचा फोटो. हे चालतं! ई-सिगारेट कॉलेजच्या पोरांच्या हाती लागू नये, एकदम मान्य. पण तीस वर्षं ओढून जो सुटला होता, त्याला कुणी विचारलं?

*

उरलेलं लिक्विड मुकादमभाईंनी पुरवून पुरवून वापरलं, तरी संपलंच. एका सोमवारी नकाशा पूर्ण झाला, ते उठले आणि गॅलरीत गेले. मी प्रिंट थांबवून ठेवली.

त्या शुक्रवारी नमाजनंतर मी त्यांना स्कूटरवरून खांदा कॉलनीत शाहीनकडे सोडलं. खेळण्याची पिशवी घेऊन मीही वर गेलो. नातू आता चालायला लागला होता. दार उघडताच दोन्ही हात वर करून तो दुडुदुडु धावत आला.

मुकादमभाईंनी हात पाठीमागे घेतले आणि दोन पायऱ्या खाली उतरले.

"शाहीन, पकड त्याला," ते म्हणाले. "आज मी इथूनच बघतो."