हौसामावशींचा सीन

"मावशींचा सीन काढून टाकावा लागतोय," डायरेक्टर म्हणाले. "तू तिकडचा आहेस, तूच सांग त्यांना."

मी लोकेशन मॅनेजर. म्हणजे शूटिंगसाठी जागा शोधायची, परवानग्या काढायच्या आणि युनिट निघून गेलं की गावाला तोंड द्यायचं.

सिनेमा एका जपानी मांगावर होता. मांगा म्हणजे तिकडची चित्रकथा. माणसं संपत आलेल्या जगात एक यंत्रमानव डोंगरोडोंगर फिरतो, अशी गोष्ट. त्यासाठी मी वेल्ह्याच्या वरचं एक पठार दाखवलं. तिथं धनगरांची मोजकी घरं. एका घरात हौसामावशी एकट्या राहायच्या, शेळ्या राखायच्या. मुलगा तानाजी पुण्यात टेम्पो चालवायचा. लग्नावरून भांडून गेला, तो पुन्हा पठारावर फिरकला नव्हता.

डायरेक्टरांनी मावशींना पाहिलं आणि सीन वाढवला. यंत्रमानव दारात येतो, म्हातारी त्याला पाणी देते. कॅमेरा सुरू झाला आणि मावशी लिहिलेलं वाक्य विसरल्या. यंत्राच्या सूटमधल्या नटाकडे बघून म्हणाल्या, "आलास व्हय? बस. दमला असशील."

टेक ओके झाला.

तानाजीच्या कानावर गेलं. त्यानं आपणहून आईला फोन केला, सिनेमा लागला की भोरला तुझ्यासोबत बघू म्हणाला. मावशी हे मला भेटतील तेव्हा सांगायच्या.

अडचण अप्रूव्हलमध्ये आली. मूळ गोष्टीत काही वाढवायचं तर लेखकाची मंजुरी लागते. त्यांनी कळवलं, या यंत्राला कुणीच घरात बोलवत नाही, तीच माझी गोष्ट आहे. त्यांचंही चूक नव्हतं. निदान ती क्लिप मावशींना द्या, असं मी प्रोड्यूसरना म्हणालो. न वापरलेलं फुटेज बाहेर देता येत नाही, असं उत्तर आलं.

मी पठारावर गेलो. मावशी शेळ्यांना पाला घालत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाला संपवला. मग विचारलं, तानाजीला कळलंय का. मी नाही म्हणालो.

"मग सांगू नगा, साहेब. येऊ द्या त्याला."

सिनेमा लागला तेव्हा तो भोरला आला. बायकोलाही घेऊन आला. मी मागच्या रांगेत होतो. पडद्यावर पठार दिसलं तसा तो पुढं सरकून बसला. आईचं घर आलं. यंत्रमानव बंद दारावरून पुढं निघून गेला. शेवटची नावं संपेपर्यंत तानाजी उठला नाही.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "आये, तू कुठं व्हतीस?"

"तुज्या शेजारीच."

सिनेमात काम केल्याचं आईनं खोटंच सांगितलं, असं त्याला वाटलं. मी मध्ये पडून खरं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मावशींना एसटीत बसवलं आणि पुण्याला गेला. पठारावर तो अजून आलेला नाही. सून मात्र अधूनमधून फोन करते.

आता गावात कुणालाही कॅमेऱ्यापुढं उभं करण्याआधी मी बजावतो, शूट झालं म्हणजे सिनेमात दिसालच असं नाही. लोक मान डोलावतात आणि लगेच नातेवाइकांना फोन लावतात.